घरावर छत्री असतानाही अमेरिकेतले लोक अजून अँटेना का लावतात?

एक जण गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून उभा. दुसरा जिन्यात. तिसरा खाली टीव्हीसमोर.

"आलं का?"
"नाही, मुंग्याच दिसतायत."
"आता?"
"आलं, आलं... अरे गेलं! मगाशी होतं तसंच धर."

चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा संवाद पाठ असतो. त्यात मॅचची शेवटची ओव्हर चालू असायची आणि नेमका तेव्हाच अँटेनावर कावळा येऊन बसायचा. मग केबल आली, केबलनंतर छत्री आली आणि अँटेनाचे ॲल्युमिनियमचे दांडे भंगारवाल्याकडे गेले. कुणी त्यावर कपडे वाळत घातले. विषय संपला.

त्यामुळे मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत गेलेले आई-वडील एक गोष्ट बघून चक्रावतात. तिथं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आजही नवेकोरे अँटेना विकायला असतात. एवढंच नाही, तर काही घरांवर सॅटेलाइटची छत्री असते आणि तिच्या शेजारी जुन्या पद्धतीचा काटेरी अँटेनाही असतो. छत्रीवर दोनशे चॅनेल येत असताना अँटेना कशाला? श्रीमंत देशातली ही कसली काटकसर?

तर ही नुसती काटकसर नाही. यामागे कायदा आहे, पैशांची भांडणं आहेत, आणि वादळ आल्यावर घरातल्यांना वेळेत कळणार की नाही हा प्रश्नही आहे.

सुरुवात एका मूलभूत फरकापासून करावी लागेल.

भारतात खासगी चॅनेल म्हणजे उपग्रहावरून येणारं चॅनेल. ते आधी उपग्रहाकडे जातं, तिथून केबलवाल्याकडे किंवा डीटीएच कंपनीकडे येतं आणि मग घरात. जमिनीवरच्या टॉवरवरून थेट अँटेनाला सिग्नल देण्याचा मान टीव्हीच्या बाबतीत फक्त दूरदर्शनकडे राहिला. मुंबईत वरळीचा टॉवर, पुण्यासाठी सिंहगडावरचा टॉवर, हे सगळं दूरदर्शनचं.

अमेरिकेत उलटं आहे. तिथली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त बघितली जाणारी नेटवर्क्स, म्हणजे एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स, ही आजही टॉवरवरून हवेत सोडली जातात. फुकट. अँटेना लावा आणि बघा, महिन्याचं बिल नाही. सुपर बोल, अध्यक्षीय वादविवाद, ऑस्कर सोहळा हे सगळं याच चॅनेलांवर येतं.

दुसरी गंमत म्हणजे ही नेटवर्क्स देशभर एकाच ठिकाणाहून दिसत नाहीत. प्रत्येक शहराचं आपलं स्टेशन असतं. न्यूयॉर्कचं एबीसी वेगळं, शिकागोचं वेगळं, ह्यूस्टनचं वेगळं. मालिका आणि मोठे सामने तेच, पण सकाळ-संध्याकाळच्या बातम्या, ट्रॅफिक, हवामान, शाळेला सुट्टी आहे की नाही, हे त्या त्या शहराचं. सगळा देश अशा २१० बाजारपेठांमध्ये वाटलेला आहे. यातल्या बऱ्याच स्टेशनांची मालकी नेटवर्ककडे नसून वेगळ्याच कंपन्यांकडे आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं भांडणात लागणार आहे.

आता छत्रीची गोष्ट.

१९९४ साली अमेरिकेत डायरेक्टीव्ही सुरू झालं, १९९६ मध्ये डिश नेटवर्क. छोटी छत्री, डिजिटल चित्र, ढीगभर चॅनेल. लोक तुटून पडले. पण घरी जोडणी झाल्यावर लक्षात यायचं की आपल्या शहराच्या बातम्या यात कुठंच नाहीत. जे चॅनेल शेजाऱ्याला फुकट दिसतंय ते पैसे भरून घेतलेल्या छत्रीवर नाही.

त्याला कारण होतं १९८८ चा एक कायदा. त्यानुसार सॅटेलाइट कंपनीला नेटवर्कचं चॅनेल देता यायचं, पण फक्त अशा घरांना जिथं छतावर साधा अँटेना लावूनही त्या नेटवर्कचा पुरेसा सिग्नल मिळत नाही. म्हणजे एखादं शेत, एखादी दरी, डोंगरामागचं गाव. बाकीच्यांनी आपला अँटेना वापरावा. कायद्याला भीती अशी होती की न्यूयॉर्कचं चॅनेल उपग्रहावरून देशभर दिसायला लागलं, तर छोट्या गावाच्या स्टेशनकडे कोण बघणार? त्याच्या जाहिराती बंद आणि मग बातम्याही बंद.

त्यामुळे नव्वदच्या दशकात छत्री आणि अँटेना ही जोडी हौस नव्हती, गरज होती. छत्री नव्या चॅनेलांसाठी, अँटेना आपल्या गावासाठी. रिमोटवर एक बटण दाबून एकीकडून दुसरीकडे उडी मारायची.

पण माणूस इथून तिथून सारखाच. अँटेना लावायचा कंटाळा आलेल्या अनेकांनी कंपनीला सांगितलं की आमच्याकडे सिग्नल येतच नाही, आम्हाला उपग्रहावरूनच द्या. कंपन्यांनीही फार चौकशी केली नाही. स्थानिक स्टेशनं कोर्टात गेली. १९९८ मध्ये मायामीच्या फेडरल कोर्टानं अशा अपात्र ग्राहकांची चॅनेल बंद करायला सांगितलं. लोक भडकले. खासदारांकडे तक्रारींचा पाऊस पडला. टीव्ही बंद पडला की लोकप्रतिनिधी किती झटपट हलतात याचा हा उत्तम नमुना.

नोव्हेंबर १९९९ मध्ये नवा कायदा झाला आणि सॅटेलाइट कंपन्यांना पहिल्यांदा परवानगी मिळाली की न्यूयॉर्कचं चॅनेल न्यूयॉर्कच्या माणसाला, डेन्व्हरचं डेन्व्हरच्या माणसाला उपग्रहावरून दाखवा. तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपली अँटेनाची गोष्ट.

संपली नाही. कारण या परवानगीला एक शेपूट होतं.

१९९२ मध्ये केबलवाल्यांसाठी एक कायदा झाला होता. त्यात स्थानिक स्टेशनला दर तीन वर्षांनी दोनपैकी एक पर्याय निवडायचा असतो. एक तर ते म्हणू शकतं, "मला तुमच्या यादीत दाखवाच, पैसे नकोत." छोटी, कमी बघितली जाणारी स्टेशनं हे निवडतात. किंवा ते म्हणू शकतं, "माझं चॅनेल दाखवायचं असेल तर माझी संमती लागेल आणि संमतीची किंमत पडेल." लोकप्रिय स्टेशनं अर्थातच हे निवडतात. १९९९ नंतर सॅटेलाइट कंपन्याही या संमतीच्या चौकटीत आल्या.

म्हणजे परिस्थिती अशी झाली. चॅनेल हवेत फुकट आहे, अँटेनावाला फुकट बघतो. पण तेच चॅनेल सॅटेलाइट कंपनीनं पकडून ग्राहकाला दिलं, तर कंपनीला दरमहा दर ग्राहकामागे पैसे मोजावे लागतात. कंपनी ते पैसे खिशातून देत नाही, बिलात चढवते. म्हणजे फुकटच्या गोष्टीचे पैसे शेवटी छत्रीवालाच भरतो.

करार संपायला आला की दोन्ही बाजू ताणतात. स्टेशन म्हणतं दर वाढवा, कंपनी म्हणते जमणार नाही. मध्यरात्री करार संपतो आणि सकाळी चॅनेलच्या जागी एक पाटी दिसते. पाटीवर कंपनी सांगते की दोष स्टेशनचा आहे. स्टेशन जाहिरात करून सांगतं की दोष कंपनीचा आहे. आणि बिल भरणारा मधल्या मध्ये.

उदाहरण अगदी ताजं आहे. १ सप्टेंबर २०२४, रविवार. डायरेक्टीव्ही आणि डिस्ने यांचा करार फिसकटला. डिस्नेकडे ईएसपीएन तर आहेच, पण न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, फिलाडेल्फिया, सॅन फ्रान्सिस्को, ह्यूस्टन अशा शहरांतली एबीसी स्टेशनंही डिस्नेच्याच मालकीची आहेत. डायरेक्टीव्हीचे सुमारे १ कोटी १० लाख ग्राहक होते. त्या संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठाचा लुइझियानाच्या संघाशी फुटबॉल सामना एबीसीवर होता, आणि सामना सुरू व्हायच्या तोंडावर चॅनेल गेलं. पुढच्याच सोमवारी, ९ सप्टेंबरला, न्यूयॉर्क जेट्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को हा सामना. दोन्ही संघांच्या शहरांत एबीसीचं स्टेशन डिस्नेचं. भांडण मिटलं १४ सप्टेंबरला.

या दोन आठवड्यांत ज्यांच्या घरी अँटेना होता त्यांना एबीसीपुरता काहीच फरक पडला नाही. टॉवर चालूच होता, सामने हवेत होतेच. ईएसपीएन मात्र त्यांचंही गेलं, कारण ते टॉवरवरून येत नाही. अँटेना म्हणजे जादूची कांडी नाही, एवढं इथं ध्यानात घ्यावं.

ही काही एकच घटना नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये डिश नेटवर्क आणि टेग्ना या स्टेशन कंपनीचं वाजलं, ते फेब्रुवारी २०२२ पर्यंत. २०२३ च्या जुलैत डायरेक्टीव्ही आणि नेक्सस्टार, ते सप्टेंबरपर्यंत. लोकांनाही आता या भांडणांची सवय झाली आहे. फुटबॉलचा हंगाम जवळ आला की पाटी येणार, हे धरूनच चालतात.

यातून एक वेगळीच सोय निघाली. सॅटेलाइट कंपन्यांनाच वाटायला लागलं की ही स्थानिक चॅनेल आपल्या गळ्यातलं लोढणं आहे. २०२४ च्या सुरुवातीला डायरेक्टीव्हीनं सॅटेलाइट ग्राहकांना पर्याय दिला की स्थानिक चॅनेल नको असतील तर काढून टाका, महिन्याला १२ डॉलर वाचवा. डिश नेटवर्कही स्थानिक चॅनेल वगळण्याची मुभा देतं. वर्षाचे १४४ डॉलर. घरात लावायचा साधा अँटेना वीस-तीस डॉलरपासून मिळतो, छतावरचा चांगला घेतला तरी काही महिन्यांत वसूल.

मध्येच एक किस्सा. हवेत चॅनेल फुकट आहेत, मग कुणी तरी हजारो छोटे अँटेना एका इमारतीत लावून ते लोकांना इंटरनेटवरून भाड्यानं दिले तर? एरिओ नावाच्या कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये हेच केलं. प्रत्येक ग्राहकाला नाण्याएवढा एक स्वतंत्र अँटेना. कंपनीचं म्हणणं, आम्ही चॅनेल विकत नाही, अँटेना भाड्यानं देतो. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून २०१४ मध्ये ६ विरुद्ध ३ अशा मतांनी एरिओ हरलं. निकालाचा अर्थ साधा होता. स्वतःच्या छतावर स्वतःचा अँटेना लावा, कुणी हात लावणार नाही. दुसऱ्यासाठी धंदा म्हणून लावाल, तर परवानगी काढा.

आता भारतात ही युक्ती का चालत नाही, ते स्पष्ट होतं. टॉवरवर दूरदर्शनशिवाय कुणी नव्हतंच. त्यातही प्रसार भारतीनं जुने ॲनालॉग टॉवर टप्प्याटप्प्यानं बंद करत आणून मार्च २०२२ पर्यंत मोजके, मोक्याच्या जागांवरचे तेवढे ठेवायचे ठरवलं. फुकट टीव्हीची ती जागा डीडी फ्री डिशनं घेतली आणि ती स्वतःच एक छत्री आहे.

तरी एक प्रसंग अमेरिकेसारखाच घडला होता. २००७ च्या कायद्यानुसार भारताचे महत्त्वाचे क्रिकेट सामने खासगी चॅनेलला दूरदर्शनसोबत वाटून घ्यावे लागतात. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही वाटणी दूरदर्शनचे टॉवर आणि त्याची स्वतःची फ्री डिश यांच्यापुरतीच आहे. खासगी केबल आणि डीटीएचवरून तोच सामना फुकट दाखवता येणार नाही. म्हणजे पैसे भरणाऱ्या डीटीएच ग्राहकाला डीडीवर मॅच नाही, आणि गच्चीवर जुना अँटेना राहिलेल्याला आहे. भंगारवाल्याला दिलेल्या दांड्यांची तेव्हा अनेकांना आठवण झाली असेल.

आतापर्यंत झालं ते पैशांचं आणि खेळाचं. पण अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात लोक अँटेना ठेवतात त्याचं कारण वेगळं आहे.

ओक्लाहोमा, कॅन्सस, अलाबामा, टेक्सास. इथं वसंतात टोर्नेडो येतात. आकाश काळं होतं, हिरवट होतं, आणि मग चक्रीवादळाचा तो खांब जमिनीला टेकतो. वाटेत आलेलं घर राहत नाही. अशा वेळी स्थानिक स्टेशन सगळे कार्यक्रम बाजूला ठेवतं आणि हवामानतज्ज्ञ रडारसमोर उभा राहून रस्त्यांची नावं घेऊन सांगतो, वादळ आता अमुक चौकात आहे, पाच मिनिटांत तमुक शाळेजवळ पोचेल, त्या भागातल्यांनी आत्ता तळघरात जा. हे सांगणारा चेहरा त्या भागात घरातल्या माणसासारखा ओळखीचा असतो. लोक त्याचं ऐकतात.

आणि नेमका याच वेळी सॅटेलाइट टीव्ही जातो.

हे का होतं ते महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जुलैत आभाळ भरून आलं की डीटीएचवर "सिग्नल उपलब्ध नाही" अशी पट्टी येते. सॅटेलाइट टीव्हीचा सिग्नल सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून येतो, म्हणजे पोचतो तेव्हाच अगदी क्षीण असतो. त्याची फ्रिक्वेन्सी १२ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर. अमेरिकेत काही एचडी चॅनेल तर याहूनही वरच्या पट्ट्यात येतात. एवढ्या आखूड लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि विखुरतात. पाऊस जितका दाट, तितका तोटा जास्त. टॉवरचा सिग्नल मात्र ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, लहर साधारण ६० सेंटिमीटर लांब. तिला पावसाचा थेंब जाणवतही नाही. शिवाय टॉवर तीस-चाळीस किलोमीटरवर आणि ताकदवान.

वादळी ढग जितका जवळ, तितकी छत्री बंद पडायची शक्यता जास्त. म्हणजे सूचनेची गरज सगळ्यात जास्त असते त्याच दहा मिनिटांत पडदा काळा. आता मोबाइलवर सरकारी इशारे येतात, हवामान खात्याचे रेडिओ मिळतात, भोंगेही वाजतात. पण वादळात मोबाइलचे टॉवर पडतात, आणि भोंगा वादळ कुठं आहे ते सांगत नाही. म्हणून त्या भागातली जाणती माणसं छत्रीवर सगळी चॅनेल असूनही एक अँटेना जोडून ठेवतात. काही जण बॅटरीवर चालणारा छोटा टीव्हीही ठेवतात, कारण वीज गेली की सेट टॉप बॉक्सही गेला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अँटेनाचा सगळा भार एका टॉवरवर असतो. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये तेच झालं. शहरातल्या बहुतेक टीव्ही स्टेशनांचे अँटेना वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर होते. मनोरा कोसळला, तिथं काम करणारे सहा प्रसारण तंत्रज्ञ गेले, आणि अँटेनावर टीव्ही बघणाऱ्यांची बहुतेक चॅनेल एका क्षणात बंद झाली. सीबीएसच्या स्टेशनची पर्यायी यंत्रणा एम्पायर स्टेट बिल्डिंगवर होती, म्हणून ते चालू राहिलं. केबलवाल्यांना स्टेशनकडून थेट तारेनं सिग्नल येत होता, त्यांचं चालू राहिलं. दोन वेगळ्या वाटा असाव्यात असं म्हणतात ते याचसाठी, मग त्यातली मुख्य कुठली का असेना.

आता प्रत्यक्ष जोडणीचं. तिकडं राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न हमखास येतो, कारण अनेकांनी छत्री घेतलेली असते ती मुळात हिंदी-मराठी चॅनेल आणि क्रिकेटसाठी. स्थानिक चॅनेल त्यांना अँटेनावर चालतात.

पहिली गोष्ट, दुकानात "एचडी अँटेना", "डिजिटल अँटेना" असं लिहिलेलं असतं त्याला भुलू नये. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांनी ॲनालॉग प्रसारण बंद केलं आणि सगळं डिजिटल झालं. पण अँटेना म्हणजे धातूचे दांडे. त्यांना डिजिटल की ॲनालॉग काही कळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा चांगला अँटेना आजही चालतो. "१५० मैलांवरचं पकडतो" असं लिहिलेला पत्र्याएवढा कागदी अँटेना मात्र विकणाऱ्याच्या कल्पनेतच तेवढं पकडतो. पृथ्वी गोल आहे, साठ-सत्तर मैलांपलीकडे टॉवर क्षितिजाखाली जातो.

बघायचं असतं ते हे की आपल्या भागातली स्टेशनं कुठल्या पट्ट्यात आहेत. बहुतेक यूएचएफमध्ये असतात, त्यासाठी छोटा अँटेना पुरतो. काही अजून व्हीएचएफमध्ये आहेत आणि त्यांना लांब दांडे लागतात. गोंधळ असा की स्क्रीनवर दिसणारा नंबर खरा असेलच असं नाही. न्यूयॉर्कचं सीबीएस २ नंबरवर दिसतं, पण येतं यूएचएफवर. न्यूयॉर्कचं एबीसी ७ नंबरवर दिसतं आणि खरोखरच व्हीएचएफच्या ७ वर आहे. फिलाडेल्फियाचं एबीसी तर ६ वर, म्हणजे आणखी खालच्या पट्ट्यात. भिंतीला चिकटवायचा चपटा अँटेना आणून "बाकी सगळं येतं, एबीसी तेवढं येत नाही" म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुठलं स्टेशन किती जोरात आणि कुठल्या दिशेनं येतं ते नकाशावर दिसतं. आधी ते बघावं, मग दुकानात जावं.

दिशा महत्त्वाची. समजा घर न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आहे. मॅनहॅटनचे टॉवर तिथून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर, ईशान्येला. छत्री मात्र दक्षिणेकडच्या आकाशाकडे बघत असते, कारण टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर असतात. म्हणून छत्रीच्याच दांड्याला अँटेना लावला तरी तोंड वेगळीकडे करावं लागतं. शक्यतो उंच जागा, छत किंवा माळा. माळ्यावर लावला तर सिग्नल थोडा घटतो, पण ऊन-पाऊस आणि वीज यांच्यापासून वाचतो. छतावर लावायचा असेल तर विजेच्या तारांपासून लांब, आणि पाइप व केबल दोन्हींचं अर्थिंग करून. यात हयगय नको. जमत नसेल तर माणूस बोलवावा.

"सोसायटी लावू देत नाही" हे तिकडंही ऐकू येतं. टाउनहाऊसच्या वस्त्यांचे संघ घराच्या रंगापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नियम करतात. पण इथं कायदा रहिवाशाच्या बाजूनं आहे. १९९६ च्या एफसीसी नियमानुसार टीव्हीचा अँटेना किंवा एक मीटरपर्यंतची छत्री लावायला संघ बंदी करू शकत नाही. १९९९ पासून भाडेकरूंनाही हे लागू झालं. अट एवढीच की जागा फक्त तुमच्या वापरातली हवी, म्हणजे तुमची बाल्कनी, तुमचं अंगण. सगळ्यांच्या सामाईक छतावर हा हक्क चालत नाही. सुरक्षिततेचे नियम आणि ऐतिहासिक वास्तू हे अपवाद.

राहिली केबल. अँटेनाचा सिग्नल ६०८ मेगाहर्ट्झच्या खाली असतो आणि छत्रीवरून खाली येणारा साधारण ९५० च्या वर. एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. म्हणून पूर्वी डायप्लेक्सर नावाची छोटी डबी लावून दोन्ही एकाच केबलमधून घरात आणायचे आणि टीव्हीजवळ दुसरी डबी लावून वेगळे करायचे. जुन्या साध्या जोडणीत हे आजही चालतं. नव्या बॉक्समध्ये अडचण येते. डायरेक्टीव्हीसारख्या यंत्रणेत घरातले सगळे बॉक्स त्याच केबलवरून एकमेकांशी बोलतात आणि ते बोलणं ५०० ते ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे बरोबर अँटेनाच्या वाटेवर होतं. तिथं अँटेनाला स्वतंत्र केबल हाच उपाय.

केबल थेट टीव्हीच्या मागे जोडली तर काम झालं, रिमोटवर इनपुट बदलायचं एवढंच. पण घरातल्या ज्येष्ठांना दोन रिमोटचा त्रास होतो. त्यासाठी सॅटेलाइट कंपन्यांचे छोटे ट्यूनर मिळतात. डिशच्या हॉपरला तो यूएसबीनं लागतो, डायरेक्टीव्हीचाही वेगळा मिळतो. तो लावला की अँटेनाची चॅनेल छत्रीच्या यादीतच दिसतात, रेकॉर्डही होतात. उपग्रहावर नसलेली उपचॅनेलंही त्यात येतात. एका स्टेशनच्या मागे ५.२, ५.३ अशी जुन्या मालिका-सिनेमांची चार-पाच चॅनेल असतात ती हीच. आणि चित्र बहुतेक वेळा छत्रीपेक्षा स्वच्छ असतं, कारण सॅटेलाइट कंपनी जागा वाचवायला ते आणखी दाबते.

सगळं जोडल्यावर टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनेल स्कॅन करायचं. आणि पुढं कधी एखादं चॅनेल अचानक गायब झालं तर छतावर चढायच्या आधी पुन्हा एकदा स्कॅन करायचं. स्टेशनं अधूनमधून फ्रिक्वेन्सी बदलतात. २०१७ च्या लिलावानंतर तर जवळपास हजार स्टेशनांना जागा बदलावी लागली आणि ते काम २०२० पर्यंत चाललं. त्या काळात अनेकांनी चांगला अँटेना फेकून नवा आणला. गरज फक्त एक बटण दाबायची होती.